झोपेतून उठला की ओळखत नाही

दुपारी दोन ते चार या वेळात आतल्या खोलीत तिघं झोपत. खाटेवर सासरे, पाळण्यात लेक आणि टेबलावर संगणक. पहिल्या दोघांच्या झोपेची तिला चिंता नव्हती असं नाही. चिंता करणं हा तिचा पूर्णवेळ व्यवसायच होता, पुस्तकांच्या सूची करणं हा अर्धवेळ. पण त्या आठवड्यात तिचा जीव टांगणीला लागला होता तो तिसऱ्याच्या झोपेपायी. झोपताना तो धडधाकट असायचा. उठल्यावर मात्र त्याला स्वतःच्याच पोटातली मोठी डिस्क ओळखता येत नसे. पडद्यावर छोटी डिस्क दिसायची, मोठीच्या जागी रिकामी जागा. जशी काही ती कधी नव्हतीच.

आणि नेमकं सगळं होतं त्या मोठीच्याच पोटात. शहरांना नळाने पाणी कसं आलं याचा सहाशे बारा पानांचा इतिहास, आणि त्याची ती करत असलेली सूची. सूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी 'जलकुंभ, गळके: ४१, २०७' अशी जी यादी असते ती, जी असली तर कोणी वाचत नाही आणि नसली तर लोक प्रकाशकाच्या नावाने बोटं मोडतात. गुरुवारी पाच वाजता पुस्तक छापखान्यात जाणार होतं. हे वेळेत झालं तर पुढचे तीन खंडही तिलाच मिळायचे होते. "जमणार नसेल तर आत्ताच मोकळ्या मनाने सांगा," असं संपादकबाई म्हणाल्या होत्या. मोकळ्या मनाने सांगा असं माणूस तेव्हाच म्हणतो, जेव्हा त्याच्याकडे दुसरं कोणीतरी तयार असतं.

लेक झाल्यापासून सोळा महिन्यांतलं हे पहिलं काम. कॉलेजात जिला मैत्रिणी चालताबोलता संदर्भकोश म्हणत, तिला हल्ली फ्रिज उघडल्यावर तो का उघडला ते आठवत नसे. दार धरून उभी राही, थंडी लागली की बंद करी. जमणार नाही ही शंका संपादकबाईंना असेल नसेल, तिला स्वतःला मात्र भरपूर होती. त्यामुळे संगणक डिस्क विसरायला लागला तेव्हा यंत्र बिघडलं असं तिला वाटलं नाही. यालाही माझं लागलं, असं वाटलं.

मग त्याला झोपूच द्यायचं नाही, हा उपाय कोणालाही सुचेल. तिलाही सुचला. कधीही झोपायचं नाही अशी सक्त ताकीद तिने सेटिंगमध्ये जाऊन त्याला दिली. पण कीबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चंद्रकोरीचं एक बटण होतं. ते दाबलं की संगणक उभ्या उभ्या झोपी जाई. आणि तिच्या लेकीने, जिला तिच्या गरगर फिरण्यामुळे सगळे भिंगरी म्हणत, आईच्या मांडीवर बसल्या बसल्या नेमकं तेच बटण हेरलं होतं. जी पोर तासभर थोपटूनही डोळा मिटत नसे, तिने एका बोटात दुसऱ्याला झोपवायची विद्या साध्य केली होती. बटणावर चिकटपट्टी लावली, तर भिंगरीने ती सोलून तोंडात घातली आणि आईची चिंता अर्धा दिवस संगणकावरून पोटाकडे वळली.

बंद करून चालू केला की डिस्क परत दिसे, हे खरं. पण चालू होताना तो असा काही 'टूंक' करी की भिंगरी पाळण्यात दचकून उठे. उठली की आईच्या मांडीवर. मांडीवर आली की चंद्रकोर. चंद्रकोर दाबली की डिस्क गायब, म्हणून पुन्हा बंद करून चालू, पुन्हा टूंक. हा प्रवास तिने सोमवारी चारदा केला आणि मंगळवारी सहादा. सूची 'ज' वरून 'झ' वर आली.

"फाईल छोट्या डिस्कवर घे ना," नवरा ऑफिसातून फोनवर म्हणाला. ऑफिसातून सगळंच सोपं दिसतं. छोटी डिस्क भिंगरीच्या अकरा हजार फोटोंनी तुडुंब भरली होती. त्यातले चार हजार ती झोपलेली असतानाचे, कारण ती हलत नसे अशी तेवढीच वेळ. काही काढून टाकावेत म्हणून ती बसली, तासभर फोटो पाहिले, डोळे पुसले आणि एकही न काढता उठली.

"मग बदलूनच टाकू तो," नवरा म्हणाला.

संगणक चार वर्षांचा, पण वाढीव हमीतला. म्हणून तिने कंपनीला फोन लावला.

"डिस्क आत्ता दिसतेय का मॅडम?"

"आत्ता दिसतेय."

"मग समस्या सुटली असं नोंदवू का?"

"अहो, झोपून उठला की दिसत नाही."

"कोण मॅडम?"

"संगणक."

पलीकडे बराच वेळ बटणं वाजली. "झोप असा रकाना आमच्याकडे नाही. चालू होत नाही, आवाज करतो, पाणी सांडलं, यांपैकी काय लिहू?"

"यातलं काहीच नाही."

"पाणी सांडलं घेऊ नका मॅडम, हमी जाते. आवाज करतो लिहू?"

करतो, पण माझी तक्रार त्या आवाजाची नाही, असं ती सांगेपर्यंत 'आवाज करतो' या सदराखाली तक्रार नोंदली गेली होती. बुधवारी कंपनीचा माणूस आला. त्याने संगणकाला कान लावला आणि दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं. "आवाज तर नाही," तो म्हणाला. तिने घाईघाईने संगणक झोपवून उठवून दाखवला, तर त्याने डिस्क लगेच ओळखली. एरवी घर डोक्यावर घेणारं पोर पाहुण्यांसमोर कसं हाताची घडी घालून बसतं, तसा. माणसाने कागदावर 'आवाज नाही, ग्राहक समाधानी' असं लिहिलं आणि तिची सही घेतली. झोपेची तक्रार वेगळी नोंदवावी लागेल आणि आधीची तक्रार बंद व्हायला दोन दिवस लागतील, हेही सांगितलं. जिना उतरून तो गेला नसेल तोच भिंगरीने चंद्रकोर दाबली आणि मोठी डिस्क दिसेनाशी झाली.

आता उरली होती ती सोसायटी. तिने संगणकाचा फोटो काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि एका हाताने भिंगरीला सावरत दुसऱ्या हाताने खाली लिहिलं: "जुना झालाय, पण परवापर्यंत व्यवस्थित होता. आता झोपेतून उठला की काही ओळखतच नाही. बाजूने एक चापट मारली की कधीकधी ओळखतो. नवरा म्हणतो बदलून टाकू. कोणी चांगला माणूस माहीत आहे का?"

मजकूर गेला. फोटो अडकला. फोनची ही जुनी खोड, पण तिने पाहिलं नाही. आणि आपल्या मजकुराच्या बरोब्बर वर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न दहा मिनिटांपासून उत्तराची वाट पाहतोय, हेही पाहिलं नाही. काकूंनी विचारलं होतं: "बाबा दोन दिवस फिरायला दिसले नाहीत. बरे आहेत ना?"

बाबा म्हणजे तिचे सासरे. पायात नवी चप्पल चावत होती म्हणून ते दोन दिवस बाहेर पडले नव्हते. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेलेली. कुठल्या दुकानाचा तराजू किती ग्रॅमने खोटा होता हे वीस वर्षांनंतरही ते सांगत, आणि ती दुकानं अजूनही त्यांना पाहून शटर अर्धं खाली ओढत. अशा माणसाच्या स्मरणशक्तीवर शंका घेणं म्हणजे पहिलवानाला जिना चढताना हात देण्यासारखं.

गुरुवारी अडीच वाजता दारावर टकटक झाली. बेल वाजवायची नाही एवढं सोसायटीला माहीत होतं. दारात वरच्या काकू होत्या, वाटीत भिजवलेले बदाम घेऊन. मागे सोसायटीचे सचिव, हातात फाईल. आणि तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, हातात काही नाही पण चेहरा गंभीर. एका संगणकासाठी तीन माणसं दुपारची झोप मोडून आलेली पाहून तिला गहिवरून आलं.

"कुठे आहेत?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"आतल्या खोलीत. आत्ताच झोपलाय," ती म्हणाली.

काकूंनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी फाईलकडे पाहिलं. यंत्राचाही आदराने उल्लेख करणारा माणूस म्हणजे जुन्या वळणाचा असणार, असं तिला डॉक्टरांविषयी वाटून गेलं.

"कधीपासून होतंय हे?"

"सोमवारपासून. त्याआधी कधी कुरकुर नाही. मागे एकदा फार तापायला लागला होता, तेव्हा नवऱ्याने घरीच उघडून धूळ काढली."

"घरीच," डॉक्टर म्हणाले. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"आणि ते चापट मारणं, अगं?" काकूंना राहवेना.

"मी हळूच मारते हो. नवऱ्याचा हात जड आहे."

काकूंनी बदामांची वाटी या हातातून त्या हातात घेतली. "हे बघ, वय झालं की सगळ्यांचंच होतं. पण निदान बोलताना तरी नीट बोलावं माणसाने."

संगणकाशी नीट कसं बोलायचं हे तिला कळलं नाही. पण पाच वाजायला अडीच तास उरले होते आणि रात्रभर जागूनही 'ष' पासून पुढचं सगळं बाकी होतं, त्यामुळे तिने वाद घातला नाही.

"त्रास उठल्यावरच होतो ना," डॉक्टर म्हणाले, "मग उठवूनच पाहायला हवं."

"हेच," ती म्हणाली. "त्या कंपनीच्या माणसाला हेच कळत नव्हतं. तुम्ही उठवा. मी दूध उतू जायच्या आत गॅस बंद करून येते. फक्त भिंगरी जागी होणार नाही एवढं बघा."

ती परत आली तेव्हा तिघंही संगणकाकडे पाठ करून बाबांच्या खाटेभोवती उभे होते. डॉक्टर बाबांच्या खांद्याला हात लावून हलवत होते. बाबांनी डोळे उघडले. समोर तीन डोकी आणि एक बदामांची वाटी.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

"तुमचं नाव सांगा पाहू."

"फ," बाबा म्हणाले. त्यांचं नाव 'फ' वरून नव्हतं.

"मी कोण? ओळखलंत?"

बाबांनी डॉक्टरांकडे निरखून पाहिलं. हात लांब केला, हवेत काहीतरी शोधलं आणि पुन्हा म्हणाले, "फ."

डॉक्टरांनी मान हलवली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सचिवांनी फाईल उघडून दोरीला अडकवलेलं एक कार्ड काढलं, ज्यावर फ्लॅट क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला होता. "फिरायला जाताना गळ्यात घालतील," ते म्हणाले. "पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय, एकटं सोडायचं नाही म्हणून."

"काय चाललंय काय हे?" ती म्हणाली. पण तिचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

बाबांचा हात शेवटी उशापाशी ठेवलेल्या वाटीवर पोचला. त्यांनी कवळी उचलली, झटकली, तोंडात बसवली. मग चष्मा. मग दोन घोट पाणी. मग पाय खाली सोडून स्वस्थ बसले. हे सगळं व्हायला दोन मिनिटं लागली, आणि त्या दोन मिनिटांत तिघांनी मिळून बाबांच्या उरलेल्या आयुष्याची व्यवस्था लावली होती.

"गुरुवार," बाबा म्हणाले.

काकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"तुम्ही दातांचे डॉक्टर. ही कवळी तुम्हीच केलीत. डावीकडे बोचते असं मी तुम्हाला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तुम्ही लिहून घेतलंत आणि तिन्ही वेळा विसरलात. आता कोणाची स्मरणशक्ती तपासायची ते ठरवू."

"ग्रुपवर आलं होतं," सचिव पुटपुटले आणि त्यांनी फोन पुढे केला. बाबांनी तो हातभर लांब धरला आणि तपासणी अहवाल वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "जुना झालाय." थांबले. "बाजूने एक चापट मारली की." पुन्हा थांबले. "नवरा म्हणतो बदलून टाकू." मग चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

तिला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण दुसऱ्या मजल्यावर त्या प्रार्थनेला तसा अर्थ नसतो. दुभंगलीच तर माणूस फार तर खालच्यांच्या स्वयंपाकघरात जातो.

"बाबा, तो संगणक आहे," ती कशीबशी म्हणाली. "मी संगणकाबद्दल लिहिलंय. फोटो टाकला होता, तो गेलाच नाही वाटतं."

चौघांनी टेबलावरच्या संगणकाकडे पाहिलं. त्याच क्षणी तिचा फोन थरथरला. नवरा होता. "अगं, बाबांना बदलून टाकू असं मी कधी म्हणालो? इथे ऑफिसात सगळ्यांनी वाचलंय."

"नंतर बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"म्हणजे तू बाबांना एकेरी नाही म्हणालीस," काकूंनी सुस्कारा सोडला. "कालपासून मला अन्न गोड लागलं नाही बघ. म्हटलं, आजारपण एकवेळ समजू शकते, पण जुना झालाय म्हणजे काय." आणि सुटकेच्या भरात त्यांनी स्वतःच दोन बदाम खाल्ले.

बाबांचा राग मात्र काकूंवरही नव्हता आणि सुनेवरही नव्हता. तो होता डॉक्टरांच्या पद्धतीवर. "माणूस झोपेतून उठतोय. तोंडात दात नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि तुम्ही वार विचारता? उत्तर आलं नाही की लगेच शेरा मारून मोकळे? डॉक्टर, तराजूत माल टाकल्या टाकल्या आकडा वाचणाऱ्या दुकानदारांची मी मापं जप्त केली आहेत. काटा आधी हलतो. तो हलत असताना जे वाचाल ते वजन नव्हे, ती अफवा. काटा थांबू द्यायचा. मग पुन्हा वाचायचं. दोनदा वाचल्याशिवाय नोंद नाही, हा नियम आहे."

"चुकलं," डॉक्टर म्हणाले. दातांच्या डॉक्टरांना हा शब्द सहसा बोलावा लागत नाही, कारण समोरच्याचं तोंड भरलेलं असतं.

ती मात्र खोलीच्या मधोमध खिळल्यासारखी उभी होती. काटा आधी हलतो. पुन्हा वाचायचं. तिने वळून संगणकाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि त्याला उठवलं. पडदा उजळला. मोठी डिस्क नव्हतीच. एरवी या क्षणी तिने बंद करून चालू केला असता. आज तिने हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?" सचिवांनी विचारलं.

"हा लगेच उठतो," ती म्हणाली, "पण डिस्कला फिरायला लागायला वेळ लागत असणार. ती चष्मा शोधत असते तेवढ्यात हा हाक मारून मोकळा होतो. ओ आली नाही की नाही म्हणून लिहितो. आणि एकदा लिहिलं की आपणहून क्वचितच पुन्हा विचारतो."

"दंडच करायला हवा," बाबा म्हणाले.

तिने मनात साठ आकडे मोजले. मग सेटिंगच्या यादीत शोधत शोधत गेली. जोडलेली उपकरणं पुन्हा तपासा, अशी एक ओळ तिथे इतकी वर्षं कोणी न विचारता पडून होती. तिने ती दाबली. एक चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आणि छोट्या डिस्कच्या शेजारी मोठी डिस्क येऊन बसली. टूंक नाही, काही नाही. पाळण्यात भिंगरीने कूसही बदलली नाही. चापटीने डिस्क यायची तीही चापटीमुळे नव्हेच. चापट मारू की नको या विचारात जो वेळ जायचा, त्यामुळे. चार दिवस त्या यंत्राने विनाकारण मार खाल्ला होता.

"आली?" काकूंनी विचारलं.

"आली," ती म्हणाली, आणि तिला रडू यायला लागलं, पण घड्याळाकडे पाहून तिने ते पुढे ढकललं. तीन वाजले होते.

कोणी जायला निघेना. अपराधी माणसाइतका कामाचा माणूस दुसरा नाही. बाबांनी सचिवांच्या हातात छापील पानं दिली. ती नोंद वाचायची, सचिव पान काढायचे, बाबा आकडा दोनदा तपासायचे आणि मगच मान हलवायचे. 'सांडपाणी: ३३०' ला त्यांनी मान हलवली नाही, ते ३३१ निघालं. साडेतीनला भिंगरी जागी झाली, तेव्हा तिला डॉक्टरांच्या मांडीवर दिलं. ती त्यांच्या तोंडात बोट घालून एकेक दात मोजू लागली आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच पलीकडची बाजू अनुभवली. मध्ये एकदा ती सुटून टेबलाशी आली आणि तिने चंद्रकोर दाबली. आईने संगणक उठवला, साठ मोजले, पुन्हा तपासा दाबलं. मोठी आली. काकूंनी तोपर्यंत सगळ्यांना चहा दिला होता.

आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, पण ती तिने कोणाला सांगितली नाही. 'हौद' या नोंदीखाली कोणकोणती पानं येणार हे ती सचिवांनी पान उलटण्याआधीच सांगत होती. पाचपैकी पाच.

पाचला अकरा मिनिटं कमी असताना सूची गेली.

संध्याकाळी नवऱ्याने संगणकाच्या अगदी आतल्या सेटिंगमध्ये डिस्कसाठी किती सेकंद थांबावं हे शोधून काढलं आणि दहा लिहिलं. बाबांनी पंधरा करायला लावलं. ग्रुपवर त्यांनी स्वतः चार ओळींचा खुलासा टाकला, ज्यात संगणकाचा उल्लेख एकेरीत आणि स्वतःचा आदरार्थी बहुवचनात होता. कार्ड त्यांनी परत केलं नाही. दोरी चांगली होती.

पुढच्या मंगळवारी दुपारी ती भिंगरीला थोपटता थोपटता स्वतःच झोपून गेली होती, तेव्हा फोन वाजला.

"सूची पाहिली," एक बाई म्हणाल्या. "एकही पान चुकलेलं नाही. पुढचे तीन खंड पाठवू का? पहिला नऊशे पानांचा आहे. जमणार नसेल तर मोकळ्या मनाने सांगा."

कोण बोलतंय हे तिला कळत नव्हतं. कसले खंड, कसली पानं, तेही नाही. आज वार कोणता असं विचारलं असतं तर तिनेही 'फ' म्हटलं असतं. गेले सोळा महिने अशा वेळी तिच्या तोंडून पहिल्यांदा निघायचं ते 'बहुतेक नाही जमणार'. आताही ते जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"थांबा हं जरा," ती म्हणाली.

पंख्याची घरघर. पलीकडच्या खाटेवर बाबा घोरत होते. हळूहळू एकेक गोष्ट आपल्या जागी येऊ लागली: खोली, पाळणा, नळांचा इतिहास, संपादकबाईंचा आवाज.

"विचार करायला वेळ हवाय का?" संपादकबाईंनी विचारलं. "उद्या करू का फोन?"

"नको, नको, उद्या कशाला?" ती उठून बसत म्हणाली. "विचार झालाय, उत्तर हो आहे. मला फक्त उठू द्या."